देवीचं फुकट देऊ नये

शालनला कुणी मूर्ख म्हणत असेल तर खुशाल म्हणू दे. पण तिच्या जागी आपण वेगळं वागलो असतो, असं आधी छातीवर हात ठेवून सांगा म्हणावं!

राजाजीनगरात ती दुकानांच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती रंगवायची. निपाणीहून लग्न होऊन आली, नवरा गेला, तरी ब्रशच्या जोरावर संसार रेटला. शेजारच्या कानडी श्रीरंगअण्णांनी शहराबाहेर होसकोट्याला उदबत्तीचा कारखाना काढला, तेव्हा ते दारात येऊन म्हणाले, "अक्का, तिथल्या देव्हाऱ्यासाठी एक लक्ष्मी काढून द्या की."

शालननं लक्ष्मी काढली, पण चेहरा काढला सोनमचा. सोनम तिची एकुलती एक लेक, आदल्याच पावसाळ्यात डेंग्यूनं गेलेली. एक भुवई किंचित वर, हनुवटीवर खळी, सगळं जसंच्या तसं. कुणाजवळ बोलली नाही. लेकीला रोज कुणीतरी फूल वाहील, दिवा लावील, एवढीच वेडी आशा.

अण्णांनी पैसे विचारले. तिला एक पैसा नको होता. पण माहेरची शिकवण आडवी आली: देवाधर्माचं फुकट देऊ नये, फळत नाही. "एकशे एक टाका, शकुनाचे," ती म्हणाली. अण्णांनी उभ्या उभ्या फोनवरून टाकले आणि खाली लिहिलं, 'लक्ष्मी चित्र'.

पुढच्या दिवाळीत किराणावाल्यानं तिच्या हातात अण्णांच्या कारखान्यातल्या उदबत्तीचा पुडा ठेवला. पुड्यावर सोनम! तो छातीशी धरून ती घराकडे निघाली, तर गटाराच्या कडेला तसलाच रिकामा पुडा पडलेला. तिच्या डोळ्यांदेखत रिक्षाचं चाक त्यावरून गेलं.

शालन तशीच अण्णांकडे गेली. "अण्णा, ती माझी सोनम आहे हो. बंद करा ते छापणं."

अण्णांचा चेहरा पडला. पण धंदेवाल्याचा चेहरा पडून पडून किती वेळ पडणार? "अक्का, मला काय ठाऊक! आता माल त्याच चित्रावर खपतोय. आणि पैसे दिलेत की मी. स्वल्प, थोडं समजून घ्या."

वरच्या मजल्यावर पुण्याची स्वानंदी राहायची, वकील. शालननं तिला सगळं सांगितलं.

"काकू, जनरली चित्र काढणाऱ्याचाच कॉपीराइट असतो," स्वानंदी म्हणाली. "चित्र कुणाला देऊन टाकलं तरी छापायचा हक्क आपल्याकडेच राहतो. पण कुणी सांगून, पैसे मोजून पेंटिंग करून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर त्या हक्काचा पहिला मालक तो."

"एकशे एक रुपयांत?"

"तो शकुन होता, किंमत नव्हती, असं मी कोर्टात भांडेन. पण त्यांच्या फोनमध्ये प्रूफ आहे, काकू. खोटी आशा नाही दाखवणार."

"आणि फुकट दिलं असतं तर?"

स्वानंदीनं मान खाली घातली. "मग ते तुमचंच राहिलं असतं."

मग स्वानंदीलाच राहवेना. "एक हक्क मात्र पैसे घेतले तरी जात नाही. चित्र तुमचं म्हणून तुमचं नाव आलं पाहिजे. तेवढं तरी मी करून घेते." तिनं नोटीस धाडली. अण्णांना तर हायसंच वाटलं. "एवढंच ना? सरी सरी, चालेल की," म्हणाले, आणि लगेच छापलंसुद्धा.

आता देवीच्या पायाशी बारीक अक्षरांत असतं, 'चित्र: शालन'. गटारात मायलेकी दोघी पडलेल्या असतात.

झाडूवाली यायच्या आत शालन पिशवी घेऊन निघते. दिसेल तो पुडा उचलते, पदरानं पुसते, पिशवीत ठेवते. अक्काला वेड लागलं, असं गल्लीत बोलतात. परवा स्वानंदीनं तिचा चिखलानं भरलेला हात धरला. "काकू, पुरे ना आता. तुमची काय चूक यात?"

शालननं हात सोडवून घेतला.

"फुकट गेली असती तर माझी राहिली असती गं," ती म्हणाली. "मीच तिचे पैसे घेतले."