कारल्याला दाखवलेलं बोट

मंगरूळपीरच्या अलीकडे नथ्थूचं भाजीचं वावर आहे आणि त्यात आठ ओळींचा कारल्याचा मांडव. तारा ओढल्या राधिकानं, वेल चढवले राधिकानं, आणि कारली सडायला लागली तेव्हा नावही पुढं आलं ते राधिकाचंच.

कारण काय, तर नथ्थूच्या या थोरल्या सुनेनं कारली बोटानं मोजली होती. भाजीवाल्यांच्या घरात लेकराला चालायला यायच्या आधी शिकवतात, की वेलीवरच्या फळाला बोट दाखवू नये, ते सडतं. दाखवायचंच झालं तर मूठ वळून दाखवावं. राधिका आली सोयाबीन-तुरीच्या घरातून, तिला हे कोण शिकवणार? भाद्रपदात एका सकाळी ती एक, दोन, तीन करत मांडवभर बोट फिरवत गेली आणि आठव्या दिवशी कारली वाकडी होऊन पिवळी पडू लागली. मग काय, खटला उभा राहायच्या आधीच निकाल लागला.

"आजपासून मांडव दिनेशकडं," नथ्थू म्हणाला. "तू घर सांभाय."

दिनेश तिचा धाकटा दीर. तीन वर्षांत तो मांडवाखाली शिरला नव्हता, कारण तिथं वाकावं लागतं. राधिकाच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं एक पिवळं कारलं तोडलं, सासऱ्यासमोर उभं चिरलं. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"हे पाहा मामाजी. माशीनं डंख मारला, आत अंडी घातली. माह्या बोटात अळ्या हायेत का?"

"पन माशी आली कायनं? बोटानंच ना," बांधावरून शेजारचा रामकिसन म्हणाला.

आता यावर काय बोलायचं! बोट आधी, सडणं नंतर, म्हणून बोटानंच सडलं. त्याच आठवड्यात रामकिसनची म्हैस व्याली होती, पण तिच्यासाठी राधिकाच्या बोटाचे आभार मानायला कुणी आलं नाही.

राधिकानं पंधरा दिवस मागून घेतले. चार ओळींना लाल चिंध्या बांधल्या. रोज सकाळी रामकिसनला बांधावर उभं करून त्या ओळींतल्या एकूण एक कारल्याला ती बोट दाखवायची. उरलेल्या चार ओळींत शिरताना दोन्ही हात पाठीमागं बांधून घ्यायची. सोळाव्या दिवशी सगळ्यांदेखत मोजणी झाली. चिंधीच्या ओळींत बासष्ट सडली, बिनचिंधीच्या ओळींत पासष्ट.

नथ्थूनं डोकं खाजवलं. "मांडव तर एकच हाये. इकडचा दोष तिकडं लागला असन."

आकडे उलटे आले असते तर यानंच गावभर दवंडी दिली असती.

"आपले बापजादे काय येडे होते?" रामकिसन म्हणाला. "पुऱ्या गावाले मालूम हाये हे."

"वहिनी बारावी शिकली ना, म्हनून लय बोलून राह्यली," दिनेश म्हणाला. "हे पाहा, हे सडलं. ते सडलं. ते तिकडचं बी."

प्रत्येकाच्या बोलण्यावर माना डोलत होत्या. राधिकाला आता लख्ख दिसलं, की इथं बोलणं कुणी तोलतच नव्हतं. बोलणाऱ्याला मिशा आहेत की नाही, तेवढंच बघत होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमी आता कायनं दाखवलं?"

दिनेशनं बोट झटकन खिशात घातलं.

"बाप्या मानसाच्या बोटानं काई होत नाई," रामकिसननं लगेच नवा कायदा काढला.

राधिका हसली. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता हसली. मग सासऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"मामाजी, एकच सांगा. पंधरा दिवसानं काय निघालं असतं, तर तुमी मांडव माह्याकडं ठेवला असता?"

नथ्थू लाल चिंध्यांकडं बघू लागला.

"काईच नाई ना?"

"मी म्हनतो म्हनून!" नथ्थू ओरडला. "वावर माह्यं हाये. मी म्हनन तो मांडवात जाईन."

"मंग हे पहिल्याच दिवशी म्हना लागत होतं. माह्या बोटाले कायले बदनाम केलं?" "आता आयका. मांडव मी सोडत नाई. हाकलायचं असन तर चार लोकांत सांगा, धाकट्या पोराले द्यायचा हाये म्हनून सुनेले हाकलून राह्यलो. कारल्याचं नाव घ्याचं नाई."

आणि टोपली उचलून ती मांडवाखाली शिरली.

नथ्थू बायकोकडं वळला. सीताबाई बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. लग्न होऊन आल्यापासून चाळीस वर्षं तिनं या घरात प्रत्येक गोष्टीला 'व्हय' म्हटलं होतं.

"पाह्यलं? सांग तुह्या सुनेले काई!"

सीताबाई उठली. लुगड्याची माती झटकून मांडवापाशी गेली. मग तिनं हात वर केला आणि तर्जनी सरळ ताठ करून राधिकाच्या डोक्यावरच्या भरल्या कारल्याकडं धरली.

"राधिका," ती म्हणाली, "पह्यले ते तोड. आज बजार हाये."