सूनबाई मशीनवर

खाणीत उभी हयात घालवून म्हातारा घरी बसला, तेव्हा त्याच्या कानांनी त्याच्या आधीच रजा घेतली होती. जमिनीखालच्या दणदणाटात ऐकणं गेलं, बोलणं मात्र वाढलं. त्याला वाटायचं आपण हळू बोलतोय. ऐकायची सगळी आळी. लोक त्याला भोंगा म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई, ऐकू आलं तर.

जुनी खाण संपत आली होती. गावामागच्या माळाखाली आणखी जस्त आहे का, हे बघायला कंपनीने ड्रिल मशीन आणलं, आणि ते चालवायला नेमली भोंग्याची सून. आधी मदतनीस म्हणून राबून ती इथवर पोचली होती. चहाच्या टपरीवर कुणीतरी त्याच्या कानाशी ओरडलं, "काय हो, तुमच्या घरात पुरुष नाहीत का?"

"आहे ना. धुणं वाळत घालतोय," भोंगा म्हणाला. टपरी हसली आणि विषय मिटला.

तो रोज माळावर जाऊन मशीनभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर बसू लागला. मशीनचा आवाज त्याला येत नसे, पण थरथर तळपायांना कळे. एका दुपारी ती थरथर बदलली आणि एकदम थांबली. बोअरमधून वर येणारं गढूळ पाणी आटलं होतं. सुपरवायझर धावत आला आणि त्याने दोन बोटांची कात्री करून दाखवली.

सून दोरीपाशी आली, सासऱ्याच्या कानाला लागली. "खाली भेग लागली बाबा. पाणी तिकडे पळालं आणि रॉड अडकले. साहेब म्हणतायत कापून टाका, शेजारी नवीन बोअर घेऊ. मी संध्याकाळपर्यंत वेळ मागितलाय."

"कापताय कशाला? हिसका दे चांगला. आमच्या वेळी आम्ही..."

"हिसक्याने तुटतील, बाबा."

एवढंच बोलून ती वळली. भोंग्याने तोंड मिटलं. घरच्या कुणी पाहिलं असतं तर त्याला ताप आलाय असं वाटलं असतं.

तिने पाण्यात माती कालवून दाट गारा केला आणि भेग बुजवायला तो खाली सोडला. मग लिव्हरवर हात ठेवून रॉड किंचित फिरवायचे, थांबायचं, बोटभर वर घ्यायचे, पुन्हा खाली. झोपलेल्या मुलाच्या अंगाखालून चादर काढावी तसं चाललं होतं. सुपरवायझर घड्याळ बघत होता. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. आपण असतो तर केव्हाच रॉड तोडून मोकळे झालो असतो, हे भोंग्याला बसल्या बसल्या उमगलं. गंमत म्हणजे त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. छाती मात्र उगीचच भरून आली.

ऊन उतरताना त्याच्या तळपायांना थरथर लागली. पाणी परत वर आलं, रॉड सुटले. सुपरवायझरने आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

दुसऱ्या दिवशी तेच बोअर आणखी खाली गेलं. वर आलेल्या दगडाच्या कांड्या सुनेने ट्रेमध्ये मांडून धुतल्या, तर राखाडी दगडात मधाच्या रंगाचा जाड पट्टा. कंपनीच्या भूगर्भतज्ज्ञ बाई भिंगातून बराच वेळ बघत राहिल्या. "जस्तच आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "नक्की किती ते प्रयोगशाळा सांगेल. पण काल बोअर सोडलं असतं तर हे आज दिसलं नसतं."

सुनेने सासऱ्याला हेल्मेट घालून आत घेतलं आणि एक कांडी त्याच्या हातात दिली. त्याने ती तोलली. जन्मभर फोडलेला दगड तो, वजनानेच कळला. त्याने कांडी जपून तिच्या जागी ठेवली.

पुढे प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं. कंपनीने माळावर आणखी बोअर घ्यायचं ठरवलं आणि दुसरं मशीनही सुनेच्याच हाताखाली दिलं.

रॉड सुटले त्या संध्याकाळी मात्र घरी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सून हातपाय धुऊन आली. भोंग्याच्या मुलाने पानं वाढली. म्हातारीने सवयीप्रमाणे पहिलं ताट नवऱ्यापुढे सरकवलं. भोंग्याने ते उचललं आणि सुनेपुढे ठेवलं.

"कामावरून आलेल्याने आधी बसायचं," तो म्हणाला. "मी काय, रिकामाच आहे."