उपसरपंचाचं स्टूल

आमच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत एक खुर्ची होती आणि तिच्या डाव्या हाताला एक स्टूल. खुर्ची सरपंचांची, म्हणजे खंडेरावांची. स्टूल माझं. बाकीचे पंच सतरंजीवर बसत.

मी डोंगराकडच्या पाड्यावरचा. सफाळ्याच्या बाजाराला लाकडं आणि करवंदं घेऊन येणारा माणूस. पंचायतीत पाड्याचा एक तरी पंच हवा म्हणून मला घेतलं, आणि मी कुणाशी भांडत नाही म्हणून उपसरपंच केलं. तेव्हा मला सही येत नव्हती. चाळिशी उलटली होती, तरी अंगठाच लावायचो. स्टेशनजवळ दुकान चालवणारा मारुती पंच होता. तो म्हणायचा, उपसरपंचाला काम एकच, सरपंच शिंकले की तांब्या पुढे करायचा. मी खरंच तांब्या पुढे करायचो. खंडेरावांना दम्यामुळे बोलता बोलता घशाला कोरड पडायची. त्यांचं वाक्य कुठे अडखळणार हे मला आधीच कळायचं, आणि पाणी तयार असायचं.

एकोणसत्तर सालच्या होळीनंतर खंडेरावांचा दमा फार वाढला. पालघरच्या डॉक्टरांनी घराबाहेर पडायचं नाही असं बजावलं. नेमकं त्याच वेळी आमच्या पाड्यावरच्या शाळेचं काम आलं होतं. शाळेसाठी जागा देत असल्याचा ठराव मे महिना संपायच्या आत पालघरला पोचला, तर जूनमध्ये मास्तर मिळणार होता. नाही पोचला तर मास्तर दुसऱ्या गावाला जाणार होता. पाड्यावरची निम्मी माणसं तेव्हा तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर मजुरीला जात. त्यांची पोरं दिवसभर चिंचेखाली बसून राहायची. त्यांत माझी सोमीही होती.

ग्रामसेवक रामकिसन खालच्या मुलखातून नोकरीला आलेला, कायद्याचा पक्का माणूस. तो मला म्हणाला की सरपंच आजारी आहेत, तेव्हा सभा मी घ्यायची, खुर्चीत मी बसायचं, ठराव मी करायचा. अंगठा चालेल.

मी नाही म्हणालो. त्याने कारण विचारलं. मी ते सांगितलं नाही.

कारण असं होतं. आमच्या पाड्यावर देवाचं करणारा भगत जिवंत असताना त्याच्या पाटावर दुसरं कोणी बसत नाही. मी दहा वर्षांचा असताना आमचा भगत तापाने पडला होता. लग्नघर खोळंबलं, म्हणून त्याचा पुतण्या त्याच्या पाटावर बसला आणि त्याने देवाचं केलं. आठव्या दिवशी भगत गेला. पुतण्या पुढे कितीतरी वर्षं जगला, पण कुणाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलला नाही. मी त्याला पाहिलं होतं.

हे सगळं रामकिसनला कसं सांगणार? आणि खंडेरावांना तर सांगणं शक्यच नव्हतं.

खंडेरावांना वाटलं, मी अंगठ्याला लाजतोय. त्यांनी मला बोलावून घेतलं. ते दिवस राब भाजण्याचे होते. भाताची रोपं टाकायची ती जमीन आम्ही पालापाचोळा जाळून आधी भाजून घेतो. त्यांच्या घरामागच्या राबात राख गार झाली होती. ते काठी टेकत तिथवर आले, खाली बसले आणि काठीच्या टोकाने राखेत माझं नाव लिहिलं. जिव्या. म्हणाले, काढ याच्याखाली.

मी रोज जायला लागलो. अक्षर चुकलं की ते पायाने पुसून टाकायचे. त्यांचा दम लागला की आम्ही थांबायचो. सोजरावयनी, त्यांची बायको, ओट्यावरून म्हणायची की दोन म्हातारी पोरं राखेत खेळतायत. पंधरा दिवसांत मला माझं नाव आलं, मग बापाचं, मग आडनाव. पुढे मी वाचायला लागलो ते तिथूनच. पण नाव आलं तरी खुर्चीत बसायला मी तयार नव्हतो. खंडेराव चिडले. आता काय राहिलं, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी राखेकडे पाहत बसलो.

मग मे महिन्याची तीन तारीख आली. खंडेरावांच्या मुलाने बोईसरहून ट्रान्झिस्टर आणून दिला होता. मी गेलो तेव्हा त्याच्यावर नुसती शोकाची धून चालली होती. राष्ट्रपती गेले, असं खंडेरावांनी सांगितलं. थोड्या वेळाने बातम्या लागल्या. त्यात सांगितलं की उपराष्ट्रपतींनी त्याच दिवशी शपथ घेतली आणि आता राष्ट्रपतींचं काम तेच पाहतील.

मी विचारलं, उपराष्ट्रपती म्हणजे कोण?

खंडेरावांनी मला समजावून सांगितलं. दिल्लीला राज्यसभा म्हणून एक सभागृह आहे. ते चालवणं हे उपराष्ट्रपतींचं रोजचं काम. उंच खुर्चीत बसायचं, ज्याची पाळी त्याला बोलू द्यायचं, आपण कुणाच्या बाजूने बोलायचं नाही. दोन्हीकडची मतं सारखी पडली तरच आपलं मत द्यायचं. एरवी गप्प. आणि राष्ट्रपतींची जागा अचानक रिकामी झाली, तर त्याच दिवशी उठून तिथे उभं राहायचं. देश एक दिवससुद्धा बिनमाणसाचा राहू नये म्हणून हा माणूस आधीच नेमून ठेवलेला असतो.

"तुझ्यासारखाच हाय बघ," ते म्हणाले. "तांब्या घेऊन बसलेला."

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, त्याच्यानं बसवलं असंल का त्या जागेवर? घास उतरला असंल का रातच्याला?"

खंडेरावांनी ट्रान्झिस्टर बंद केला. माझ्याकडे नीट पाहिलं.

"जिव्या, तू माझ्या मरणाला घाबरतोस?"

मी उठून पाड्याकडे चालू लागलो.

त्यानंतर काय घडलं ते मला सभेच्या दिवशी कळलं. माझी बायको पारू करवंदं द्यायच्या निमित्ताने सोजरावयनीकडे गेली आणि तिने भगताची, पाटाची सगळी गोष्ट तिला सांगितली. शिवाय मी विसरलो होतो तेही सांगितलं. भगताने स्वतः उठून आपल्या हाताने दुसऱ्याला पाटावर बसवलं आणि स्वतः त्याच्या जागी बसला, तर त्याला पाट घेतला असं म्हणत नाहीत. जागा बदलली, एवढंच.

वीस तारखेला सभा होती. पारूने मला धुतलेला सदरा घालून पाठवलं. मी ठरवलं होतं की खोलीत जायचं, सगळ्यांसमोर नाही म्हणायचं आणि पंचपद सोडून द्यायचं. शाळा जाणार हे कळत होतं. सोमीच्या तोंडाकडे पाहून मी सकाळी नीट जेवलोही नव्हतो.

पंच सतरंजीवर बसले होते. खुर्ची रिकामी होती. मारुती म्हणाला की उपसरपंच, बसा, नाहीतर सरपंचांच्या वहाणा आणून ठेवतो खुर्चीवर, तुम्ही भरत व्हा. सगळे हसले. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाहेर बैलगाडी थांबली.

खंडेराव गाडीतून उतरले. एका बाजूने मुलगा, एका बाजूने सोजरावयनी. चार पावलं टाकायची आणि थांबायचं, असं करत ते आत आले. रामकिसन घाईने उभा राहिला. म्हणाला की सरपंच हजर असतील तर अध्यक्ष तेच, आता ठरावाचा मसुदा बदलावा लागेल.

"मी आजारी हाय," खंडेराव म्हणाले. "तसा कागद तुला दिलाय. गावचा माणूस म्हणून ऐकायला आलोय."

रामकिसनने कपाळाला हात लावला, पण बसला.

खंडेरावांनी माझा दंड धरला. त्यांच्या हाताला जोर नव्हता. तरी त्यांनी मला दोन पावलं नेलं आणि खांद्यावर हात ठेवून खुर्चीत बसवलं. मग ते वळले आणि माझ्या स्टुलावर बसले. मोठा माणूस, छोटं स्टूल, गुडघे वर आलेले. सोजरावयनी दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहून मान हलवत होती. तेव्हा मला पारू आठवली, तिने त्यांच्याकडे नेलेली करवंदांची पाटी आठवली, आणि सगळं कळलं.

रामकिसनने ठराव वाचला. विचारायची वेळ आली तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली. डावीकडून तांब्या पुढे आला. खंडेरावांनी तो दोन्ही हातांनी धरला होता, पाणी थोडं सांडत होतं.

मी प्यालो. मग विचारलं, कुणाची हरकत हाय का? कुणाचीच नव्हती. मंजुरीला मारुतीने तर सगळ्यांत आधी हात वर केला. मी सही केली. ओळ वर चढत गेली, आडनाव कागदाच्या कडेला दाबून बसवावं लागलं. खंडेरावांनी वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाले की राखेत बरी यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मी त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर चहा पीत होते. मला पाहून म्हणाले, हाय अजून. तिसऱ्या दिवशी गेलो, चौथ्या दिवशी गेलो. कामाचं काही बोलत नव्हतो. त्यांचा श्वास ऐकायचो आणि परत यायचो. आठव्या दिवशी मी उजाडायच्या आधीच जाऊन ओट्याच्या पायरीवर बसलो होतो. सोजरावयनीने दार उघडलं, मला पाहिलं आणि आतून दोन कप चहा आणला. थोड्या वेळाने खंडेराव खोकत बाहेर आले.

नवव्या दिवशी मी गेलो नाही. पाऊस जवळ आला होता, म्हणून घर शाकारायला घेतलं होतं. मी छपरावर बसून पेंढा लावत होतो, पारू खालून देत होती. दुपारी पाड्याच्या वाटेवर बैलगाडीचा आवाज आला. गाडीत गादीवर टेकून खंडेराव बसले होते, डोक्यावर छत्री धरून. गाडी माझ्या दारात थांबली.

"उपसरपंच," त्यांनी खालून हाक मारली, "आज मला बघायला कोण येणार होतं?"

मी घाईघाईने उतरायला लागलो. पारू हसत पाणी आणायला घरात गेली.