हरल्याची अर्धी वाटी

निवृत्त सुभेदार लालासाहेब काटकर यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस साताऱ्यात अद्याप जन्माला यायचा होता. कंडक्टर, तलाठी, बँकेतला कारकून, गल्लीच्या तोंडचा दूधवाला अशा सर्वांनी एकेकदा हात टेकले होते. त्यामुळे 'मी तुम्हाला हरवलं, माफ करा' असे म्हणत एक अनोळखी गृहस्थ सकाळच्या प्रहरी त्यांच्या फाटकाशी उभा राहिला, तेव्हा सुभेदारांना आधी आपल्या कानांचाच संशय आला.

गृहस्थ पन्नाशीचा होता. डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फळी.

"मी रसूल मुलाणी. कवठे महांकाळचा. सुतारकाम करतो," तो म्हणाला. "मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत तुमचं नाव इचारलं, तर चौघांनी पत्ता सांगितला आणि दोघं हसलं. साहेब, मी तुमच्या आडवा आलो. मनात ठेवू नका."

सुभेदारांनी आपल्या भांडणांची उजळणी मनातल्या मनात केली. त्यात मुलाणी कुठेच नव्हता.

"आवं, त्यांना आत तरी घ्या," आतून त्यांच्या पत्नी विजयमालाबाईंचा आवाज आला. "भांडायचं असलं तर बसून भांडा. चहा टाकलाय."

चहा झाल्यावर रसूलने पिशवीतून नारळाची अर्धी वाटी काढली आणि दोन्ही हातांनी सुभेदारांपुढे धरली.

"आमच्या उरुसात नारळाचा लिलाव व्हतो, साहेब. जो जिंकंल त्यानं नारळ फोडायचा आणि शेवटपातुर जो समोर हुता, त्या हरल्याला अर्धी वाटी द्यायची. न्हाईतर वर्षभर मनात अढी ऱ्हाते. मोबाईलवरच्या लिलावात नारळ नसतोय, म्हणून घरनं घेऊन आलो."

"कसला लिलाव?"

"आता बगा! ते रंधा मशीन. जुनं, जपानी, लोखंडी बुडाचं. आता दुकानात मिळत न्हाई. आमच्या दोघांचीच झुंज लागली हुती की. मी चढवली, की लगेच तुमची यायची." रसूल संकोचून हसला. "मी सात हजाराला सोडणार हुतो. पर म्हटलं, फौजी माणूस मागं हटंना, म्हंजे मशिनीत कायतरी हाय. फौजी माणूस भंगारावर बोली लावायचा न्हाई. तुमच्या भरवशावर मीबी हटलो न्हाई. एकोणीसला घेतलं."

"आणि कसं चालतं?"

"आवाज करतंय जरा," रसूल खाली बघून म्हणाला. "पर तुमचं नाव हुतं म्हटल्यावर मशीन चांगलंच असणार. माझ्याच हाताला अजून बसलं नसंल."

त्याने मोबाईल पुढे केला. सुभेदारांनी चष्मा लावला. जिन्याच्या पायऱ्यांसारखी नावे वर वर चढत गेली होती. एक पायरी रसूल मुलाणी, दुसरी सुभेदार लालासाहेब काटकर, सातारा, पुन्हा रसूल, पुन्हा सुभेदार. आणि सर्वांत खाली विक्रेता: विश्वजीत टूल्स, कुपवाड, सांगली.

विश्वजीत म्हणजे सुभेदारांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा.

मग त्यांना आठवले. नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. 'मामा, बँकेत कशाला ताटकळता, मोबाईलवर करतो की,' म्हणून भाचा मुद्दाम घरी आला होता. मोबाईलवर आकडे आले, ते त्याने विचारले, सुभेदारांनी सांगितले. पुन्हा आले, पुन्हा सांगितले. एका खेपेला सरकारदरबारी लालासाहेब काटकर जिवंत असल्याची नोंद झाली. दुसऱ्या खेपेला भाच्याने लिलावाच्या खात्यावर दुसराच एक लालासाहेब जन्माला घातला, जो न खाता, न झोपता लोकांच्या गरजेवर बोली चढवीत बसला होता.

राग आला असे म्हणणे अपुरे ठरेल. सुभेदारांचा नेहमीचा राग बोलका असे. हा मुका होता. तीस वर्षे ज्या नावाला त्यांनी डाग लागू दिला नव्हता, त्या नावाने एका सुताराला खिंडीत गाठून लुटले होते. आणि लुटला गेलेला माणूस लुटारूची माफी मागायला पहिल्या एस्टीने नारळ घेऊन आला होता.

"ही वाटी पिशवीत ठेव," ते उठत म्हणाले. "मी हरलेलो नाही. मी तिथं नव्हतोच. आणि हे फळकूट कसलं?"

रसूलने कागद सोडला. सागाची पाटी होती, गुळगुळीत रंधलेली, आणि तिच्यावर सुबक अक्षरांत कोरले होते: सुभेदार लालासाहेब काटकर. "त्याच मशिनीवर रंधली. घरावर लावाल म्हणून."

सुभेदारांनी पाटीवरचे आपले नाव वाचले आणि पायांत चपला सरकवल्या.

"हीसुद्धा घे. सांगलीला जायचंय."

एस्टीने कराड सोडले. तेव्हा रसूल चाचरत म्हणाला, "साहेब, जाऊ द्या. भाचा हाय तुमचा."

"परका असता तर पोलिसात दिला असता आणि घरी जाऊन जेवलो असतो," सुभेदार म्हणाले. "भाचा आहे, म्हणून स्वतः जावं लागतंय."

कुपवाडला पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. विश्वजीतचे गोदाम पत्र्याचे होते, दाराची चौकट तेवढी लाकडी. आत ड्रिल, ग्राइंडर, करवती पुसून, तेल लावून, लग्नातल्या रुखवतासारख्या मांडल्या होत्या.

"मामा! अचानक? मामी बरी आहे ना?" विश्वजीत पुढे आला. मामांच्या मागची टोपी पाहून त्याचे हसू किंचित आखडले.

"हा माझा प्रतिस्पर्धी," सुभेदार म्हणाले. "याच्याशी मी झुंजलो म्हणे. कधी झुंजलो, ते तू सांग."

विश्वजीतने क्षणभर विचार केला आणि उजळ माथ्याने बोलायला सुरुवात केली. "मामा, तुम्ही समजता तसं नाही ते. याला भाव धरून ठेवणं म्हणतात. सगळेच करतात. आणि मी काही बटण दाबत बसत नाही; एकदा लावून ठेवलं की आपोआप चढतं. समोरच्यानं बोली वाढवली, की तुमची त्याच्यावर."

"माझी?"

"तुमच्या नावाची. आणि यांच्या मानेवर कुणी सुरी ठेवली होती का? शेवटची बोली यांनी खुशीनं लावली."

"खुशीनं न्हाई, दादा," रसूल हळूच म्हणाला. "इश्वासानं."

"तेच तर!" विश्वजीतला वाटले, आपला मुद्दा कुणाला तरी पटला. "फौजी नाव दिसलं की लोकांना विश्वास वाटतो. माझं नाव टाकून काय उपयोग? माझ्यावर कोण विश्वास ठेवतंय?" आणि तो स्वतःच्याच विनोदावर हसला. एकटाच.

"उरुसात नारळाला हजारो रुपये येतात," सुभेदार म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता; घरी असा आवाज निघाला असता, तर आता काही धडगत नाही म्हणून विजयमालाबाईंनी भांडी आवरायला घेतली असती. "त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. का? कोण चढवतंय ते सगळ्या गावाला दिसतं. अरे, बोली म्हणजे बोलणं. बोलायला तोंड लागतं. तू बिनतोंडाची बोली लावलीस आणि तिला माझं तोंड चिकटवलंस!"

"बरं बरं. तुमच्या नावानं जेवढे चढले, तेवढे पैसे यांना परत देतो. तुमचं नाव काढून दुसरं टाकतो. मिटलं?"

"दुसरं कुणाचं?"

"आहेत की. साताऱ्यात सुभेदारांचा दुष्काळ पडलाय का?"

इथे वाद संपला. सुभेदारांनी आयुष्यात प्रथमच उत्तर न देता वाद सोडला.

"रसूल, पाटी काढ. या चौकटीवर लाव."

"साहेब, ती घरासाठी..."

"ज्या नावाचा धंदा इथं चालतो, त्याची पाटी इथंच पाहिजे."

मांडलेल्या यंत्रांतले 'नव्यासारखे' असे लेबल लावलेले ड्रिल भोके पाडायला त्यांनी उचलले आणि बटण दाबले. ड्रिल गुरगुरले, जळक्या वासाचा धूर सोडला आणि गप्प झाले. रसूलने ते त्यांच्या हातून अलगद काढून खाली ठेवले, जणू मेलेले पाखरू. आणि पिशवीतला डिसमिस काढून चारही स्क्रू हाताने पिळले. पाटी केसभरही तिरपी नव्हती. अशा वेळीही ती तिरपी लावणे त्याच्या हाताला जमले नसते.

सुभेदारांनी आतली खुर्ची ओढून पाटीखाली मांडली आणि तिच्यावर ताठ बसले.

"मामा, लोक बघतायत. गिऱ्हाइकं येतील आता."

"येऊ देत. आहे की मी."

आली तीही. जतकडचा एक तरुण, धुळा नावाचा, मोटारसायकल लावून मोबाईल हातात घेऊनच दाराशी आला. एका ग्राइंडरवर त्याची बोली चालू होती. लिलाव मिटण्याआधी माल डोळ्यांनी बघावा, म्हणून वाट वाकडी करून आला होता. त्याने पाटी वाचली, मोबाईल वाचला, पुन्हा पाटी वाचली.

"हे काटकर सुभेदार कोण म्हणायचं?"

"मी. ग्राइंडरवर तुझ्याविरुद्ध बोली लावणारा मीच. मला ग्राइंडर नको आहे."

"चेष्टा करता काय, आबा?"

"वाढव बोली. आणि माझ्या हातांकडं बघ."

धुळाने बोट दाबले. सुभेदारांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, कवायतीतल्यासारखे. मोबाईल टिंग करून वाजला: सुभेदार लालासाहेब काटकर, सातारा, पाचशेने वर.

"आयला," धुळा म्हणाला. त्याने गुडघ्यांवरच्या हातांकडे पाहिले, दारात घाम पुसणाऱ्या विश्वजीतकडे पाहिले. "आवं, ह्यो तर निव्वळ भुताटकीचा बाजार हाय!" त्याने मोबाईल खिशात घातला. "जावा. घ्या तुमीच."

विश्वजीत धावत आत गेला, पण आपोआप चढलेली बोली आपोआप उतरत नाही. थोड्या वेळाने लिलाव मिटला, धुळाच्या खिशातला मोबाईल पुन्हा वाजला आणि धुळाने मोठ्याने वाचून दाखवले: ग्राइंडर सुभेदार लालासाहेब काटकर यांनी जिंकला आहे. अभिनंदन.

सुभेदार उठले. रसूलच्या पिशवीत हात घालून त्यांनी नारळाची अर्धी वाटी काढली आणि दोन्ही हातांनी धुळापुढे धरली.

"घे. मी जिंकलो. हरल्याला अर्धी वाटी द्यायची रीत आहे."

गोंधळलेल्या धुळाने ती घेतली. आतून विश्वजीतचा आवाज आला, आता पुरता रडवेला. "मामा, नाव काढतो. कुणाचंच टाकत नाही. यांचे पैसेही देतो. पण आधी ती पाटी उतरवा."

"आधी नाव काढ, इथं, माझ्यासमोर. मग पैसे. पाटीचं शेवटी बघू." सुभेदार पुन्हा खुर्चीवर बसले आणि त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. रस्त्यावर आणखी एक मोटारसायकल वळताना दिसत होती.

"रसूल," ते म्हणाले, "कोपऱ्यावर किराणा आहे ना? नारळ बघ. एकानं भागायचं नाही."