घोड्याचं तोंड

भिंगरीने प्यादं एक घर पुढे सरकवलं, घड्याळाची कळ दाबली आणि हात लगेच मांडीखाली घातला. दुसरा हात आधीपासून तिथेच होता. दोन्ही हातांवर बसून ती पटाकडे बघू लागली.

समोर औषधाच्या दुकानाचे मालक बसले होते. पन्नाशीचे, गुबगुबीत गृहस्थ, प्रत्येक चालीआधी मान पुसणारे. दिसायला गरीब, पण डाव चांगला खेळायचे. थोड्या वेळापूर्वी त्यांनीच पंचबाईंना बोलावलं होतं, आणि त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

बुद्धिबळात सोंगटीला हात लावला की तीच खेळावी लागते. फक्त आपली पाळी असताना ‘नीट करते’ असं मोठ्याने म्हणून घरात वाकडी बसलेली सोंगटी सरळ करता येते. भिंगरीने या सवलतीचा पार भुगा केला होता. तिने आपली प्यादी नीट केली, दुकानदारांचा वजीर नीट केला, मेलेल्या सोंगट्याही टेबलाच्या कडेला रांगेत लावल्या. प्रत्येक वेळी तेच पुटपुटणं. दुकानदारांचं डोकं उठलं. पंचबाई वाकून तिच्या कानाशी हळूच म्हणाल्या की आता पुन्हा नीट करायला हात लावलास तर डाव गेला. तिने मान डोलावली.

काचेपलीकडून तिच्या वडिलांनी हे पाहिलं, पण ऐकू काहीच आलं नाही. पालकांना आत जायला बंदी होती. त्यांनी उगाचच मूठ आवळून दाखवली. आज जिंकली की उद्या किताबाचा डाव, आणि किताब मिळाला की कचेरीतल्या बिनपगारी रजेचं, पोरीच्या बुडालेल्या शाळेचं, सगळ्याचं सार्थक होणार होतं. घरी तिची आई वेगळंच म्हणायची. पोरगी जिन्यातून परत येऊन नळ बघते, झोपेतून उठून चपला सरळ लावते, धुऊन धुऊन तिची बोटं सोलवटली आहेत, तिला डॉक्टरांकडे नेऊ. वडील म्हणायचे, स्पर्धा होऊ दे.

दुकानदारांनी घोडा उचलला, पटाच्या मधोमध ठेवला आणि मान पुसली.

घोडा वाकडा बसला. त्याचं तोंड खिडकीकडे होतं आणि बूड शेजारच्या घरात गेलं होतं. दुकानदारांनी मुद्दाम केलं नव्हतं बिचाऱ्यांनी. ते सगळंच तसं ठेवायचे, पाण्याची बाटलीसुद्धा.

भिंगरीने छताकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. उठून पाणी पिऊन आली. घोडा तसाच होता. उंट मागे घेतला की डाव तिच्या हातात राहत होता, हे तिला केव्हाच दिसलं होतं. पण उंट मागे घेतला की घोडा तिथेच राहणार होता, कदाचित शेवटपर्यंत. तिच्या दातांत कळ आली. टेबलाखाली पाय हलायला लागले ते थांबेनात. घड्याळ पळत होतं आणि तिला चाल सुचत नव्हती असं नाही, तिला दुसरं काही दिसतच नव्हतं.

तिचा हात मांडीखालून बाहेर आला. दुकानदारांनी श्वास रोखला. पंचबाई दोन पावलं पुढे आल्या.

तिने हत्ती उचलला आणि घोडा मारला. हत्ती घराच्या अगदी मधोमध ठेवला, कळ दाबली आणि इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या पटावरच्या माणसाने वळून पाहिलं.

त्या घोड्याच्या तिरकस मागे दुकानदारांचं प्यादं उभं होतं. त्याने घोड्याच्या बदल्यात त्याहून मोलाचा हत्ती मारता आला असता, हे नवशिक्यालाही दिसलं असतं. दुकानदारांनाही दिसलं, आणि म्हणूनच ते बिचकले. ही पोरगी उगाच हत्ती देईल होय? त्यांनी सापळा शोधला, सापडला नाही, तेव्हा तो फारच खोल असणार असं ठरवून त्यांनी राजा बाजूला घेतला. एक घोडा कमी झाल्यावर डाव फार टिकला नाही.

काचेपलीकडे एकच धांदल उडाली. एका प्रशिक्षकाने सापळा शोधून काढला, दुसऱ्याने त्याहून खोल शोधला, तिसरा नुसताच ‘वा’ म्हणत राहिला. वडिलांना तर आकाश ठेंगणं झालं होतं.

डाव संपला की दोघं खेळाडू बाजूच्या खोलीत तोच डाव पुन्हा मांडून बोलतात. दुकानदार तिथे वाटच बघत होते. वडीलही आले.

“हत्ती मारला असता तर काय होतं, बाळ?” दुकानदारांनी विचारलं. “मला काहीच सापडेना.”

“काही नव्हतं, काका. मी हरले असते.”

“मग दिलास कशाला?”

“घोडा वाकडा होता. हात लावता येत नव्हता.” ती थोडी थांबली. “मारता येत होता.”

वडील हसले, चेष्टा करते म्हणाले. दुकानदार हसले नाहीत. ते तिच्या बोटांकडे बघत राहिले, मग मी उगाच पंचांना बोलावलं असं काहीतरी पुटपुटले आणि उठून गेले.

वडिलांनी आवाज खाली आणला. हे बाहेर कुणापुढे बोलायचं नाही, लोकांना काय, जिंकलीस हे महत्त्वाचं.

“तुम्ही म्हणाला होतात, मोठा डाव जिंकलीस की हे आपोआप जाईल,” भिंगरी म्हणाली. तिचे हात पुन्हा मांडीखाली गेले होते. “जिंकले, बाबा. गेलं नाही.”

तिने तक्रार केली नव्हती; डाव संपल्यावर निकाल सांगावा तसं सांगितलं होतं. बाहेर उद्या कोण कुणाशी खेळणार त्याचा कागद लागला. कुणीतरी दारातून डोकावून वडिलांना हाक मारली, या की, कोण आलंय बघा समोर. ते जागचे हलले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढून घरी लावला.

“ते डॉक्टर म्हणत होतीस ना,” ते म्हणाले, “त्यांची वेळ मिळते का बघ. उद्याची.”

पलीकडून बायकोने विचारलं, अहो, पण उद्या तर डाव आहे ना?

“उद्याचीच,” ते म्हणाले.