तात्याची दहा मिनिटं, स्नेहलची दहा मिनिटं

मी घड्याळ बोलतोय. भिंतीवरचं नाही, मनगटावरचं नाही. मिरजगावच्या अलीकडं एका गावात दूध संकलन केंद्र आहे, तिथल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं. मला काटे आहेत, पण हात लावाल तर नुसती काच लागेल. आणि मी खोटा आहे. किती खोटा, ते हळूच सांगतो, कारण ते बाहेर पडलं तर एका पोरीचं काम जाईल.

त्या पोरीचं नाव स्नेहल. तिनंच मला काढलं. चित्र काढतात तसंच, फक्त पेन्सिलीऐवजी कोडनं. आधी तिनं पडद्यावर चौकोन घेतला. मग कोपऱ्यात असलेलं मोजायचं शून्य उचलून त्याच्या मधोमध नेऊन ठेवलं, म्हणजे सगळी मापं तिथून. बारा खुणा हव्या होत्या, पण तिनं रेघ एकच लिहिली. रेघ मारायची, कागद तीस अंश फिरवायचा, परत तीच रेघ. असं बारा वेळा. माणसं म्हणतात घड्याळ फिरतं. माझ्यात कागद फिरतो.

पहिल्या दिवशी तासकाटा काढल्यावर कागद सरळ करायचं ती विसरली. मिनिटकाटा तिरक्या कागदावरनंच मोजायला लागला, आणि नऊच्या ठोक्याला माझे दोन्ही काटे नवावर जाऊन बसले. स्नेहल पाच मिनिटं माझ्याकडं बघत राहिली. मग एक ओळ वाढवली आणि मी शहाणा झालो.

तेव्हापासून दर सेकंदाला एक टायमर मला ढोसतो. मला पुसतात, परत काढतात. तुम्ही एकदा जन्मता. मी सेकंदाला.

पडद्याच्या कोपऱ्यात आयतं घड्याळ होतं की, मग मी कशाला? तर तात्यामुळं. छगनतात्या केंद्राचे सचिव. ते म्हणाले, "आकडे नकोत, काटे पायजेत. लांबनं दिसाया पायजे. राहीबाईला आकडे येत न्हाईत." म्हणून पडदा खिडकीकडं तोंड करून ठेवला, आणि अर्ध्या पडद्यावर मी. बाकी अर्ध्यावर लिटर आणि फॅट.

माझ्याआधी तिथं भिंतीवर तात्यांचं घड्याळ होतं. ते काढून त्यांनी घरी नेलं. नेताना म्हणाले, "आठ दिवस बघू, पोरी. कुनाचा कॅन माघारी गेला, तर तुझा कॉम्प्युटर उचलायचा अन् मी माझं टांगनार."

स्नेहल "हो" म्हणाली. हे काम टिकलं तर आजूबाजूच्या केंद्रांचं मिळणार होतं. नाही टिकलं तर पुण्याला मावसबहिणीकडं जाऊन नोकरी शोधायची. तिला पुण्याला जायचं नव्हतं. आणि मला पुसून परत न काढणं मला नको होतं.

सोमवारी सकाळी मी अगदी बरोबर होतो. सेकंदाचाही फरक नाही. तिथंच घोटाळा झाला.

टँकर साडेसातला सुटतो. वाल्मिक टँकर चालवतो आणि तो मोबाईल बघून निघतो, देवासाठी पण थांबत नाही. पण तात्यांचं जुनं घड्याळ अकरा वर्षं मुद्दाम दहा मिनिटं पुढं होतं, लोक लवकर यावेत म्हणून. हे अख्ख्या गावाला माहीत. त्यामुळं गावाच्या हिशेबानं टँकर सात चाळीसला सुटतो. मोबाईल सगळ्यांकडं आहेत, पण मोबाईलचा टाइम लग्नाला, केंद्राचा टाइम दुधाला.

कॅन रांगेत लावायचे, समोर चहाच्या दुकानात बसायचं, खिडकीतून घड्याळ बघायचं, चाळीसला पाच कमी असताना उठायचं. पद्धतच तशी. आणि तात्या कुणाला हाक मारत नाहीत. अकरा वर्षांत मारलेली नाही.

मी सात सत्तावीस दाखवत होतो. नवं घड्याळही पुढंच असणार असं धरून दुकानात दहा-बारा जण निवांत. कुणीतरी म्हणालं, "अजून लई टाइम हाय, अर्धा अर्धा सांग." मी ओरडणार कसा? मला काटे आहेत, तोंड नाही. साडेसातला टँकर हलला. अकरा कॅन मागं राहिले.

त्यातला एक राहीबाईचा, रांगेत सगळ्यांच्या मागं अडकलेला. ती लांबच्या वस्तीवरनं एक गाय आणि एक कॅन घेऊन जगते. ती खिडकीशी आली, माझ्याकडं बघितलं, मग स्नेहलकडं.

"पोरी, तुझं घड्याळ खरं बोलतंय," ती म्हणाली. "त्येच वाईट हाय."

तात्या म्हणाले, "पयला दिवस माफ. आता एक जरी कॅन राह्यला, तर उचलायचं."

स्नेहल हट्टी. खोटं घड्याळ काढणार नाही म्हणाली. त्याऐवजी तिनं माझ्याखाली मोठ्या अक्षरात ओळ लिहिली: हे घड्याळ बरोबर आहे.

मंगळवारी सगळ्या दुकानानं ती ओळ वाचली.

"बरोबर हाय असं लिवावं लागतंय," एक जण म्हणाला, "म्हंजी कायतरी गडबड हाय."

अर्धे उठले, अर्धे बसले. बसलेले उठलेल्यांना हसले. साडेसातला टँकरनं गिअर टाकला तेव्हा राहीबाई कॅन घेऊन रस्त्यात आडवी उभी राहिली. वाल्मिकनं ब्रेक मारला.

"मावशी, मरायचंय का?"

"दूध घे, मग मरते."

कॅन चढला. पण असं रोज कोण आडवं उभं राहणार?

त्या संध्याकाळी स्नेहल माझ्यासमोर बसली. ती ओळ पुसली. मग माझ्या कोडात गेली आणि कॉम्प्युटरकडून मला मिळणाऱ्या वेळेत दहा मिनिटं मिळवली. "सॉरी," मला म्हणाली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तात्या म्हणाले असते, मग माझंच घड्याळ काय वाईट होतं?

बुधवारी सहाला तात्यांनी शटर उघडलं. स्नेहल आली नव्हती. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला, चष्मा कपाळावर चढवला आणि एका बोटानं कॉम्प्युटरचाच टाइम दहा मिनिटं पुढं सारला. स्वतःशीच म्हणाले, "पोरगी चांगली हाय. घड्याळ तेवढं खरं हाय." केंद्रात इंटरनेट नाही, त्यामुळं ते परत सरळ करणारं कुणी नव्हतं. आणि तात्यांनीही कुणाला सांगितलं नाही, कारण पोरीसाठी आपण मऊ पडलो हे त्यांना दाखवायचं नव्हतं.

स्नेहल आली. तिनं प्रोग्राम उघडला, तो पडदाभर पसरला आणि कोपऱ्यातलं आयतं घड्याळ झाकलं गेलं. दोघांची मिळून वीस मिनिटं माझ्या अंगावर.

खरे सव्वासात वाजले. मी सात पस्तीस. दुकानातले कप एकदम खाली आले. सगळे पळत आत. स्नेहल घामाघूम, लिटर टाकतेय, फॅट टाकतेय, पावत्या काढतेय. माझे काटे चाळीसच्या पुढं गेले तशी रांगेतली माणसं मागं वळून टँकर बघायला लागली. टँकर जागेवरच. लोकांत कुजबुज, "वाल्मिक आज थांबला बरं का." शेवटचा कॅन राहीबाईचा. तो चढला तेव्हा मी सात बेचाळीस दाखवत होतो.

मग वाल्मिक पावती न्यायला आत आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला घाई नव्हती. त्यानं माझ्याकडं बघितलं. खिशातनं मोबाईल काढला. मोबाईल बघितला. परत माझ्याकडं बघितलं.

स्नेहल टाइप करायची थांबली. दूध मोजायचं माप तात्यांच्या हातातच राहिलं. दोघांना वाटलं, आपलं बिंग फुटलं. माझा सेकंदकाटा तेवढा चालू होता, त्याला काय कळतंय?

"तात्या," वाल्मिक म्हणाला, "ह्ये तुमचं घड्याळ..."

"वाल्मिक," राहीबाई दारातनं म्हणाली, "रोज माझ्या अंगावर टँकर घालतोस. आज चहा पी."

"मावशी, पन घड्याळात..."

"घड्याळाचं घड्याळ बघंल. तू चहा पी."

वाल्मिकनं या गावात कधी चहा प्यायला नव्हता. वेळच नसायचा. त्यानं मोबाईल खिशात घातला, बाहेर गेला, बाकावर बसला आणि पूर्ण कप, बशीतून, फुंकर मारत प्यायला. साडेसातला उठला. जाताना खिडकीतून म्हणाला, "घड्याळ चांगलं हाय."

राहीबाईला आकडे येत नाहीत. पण केंद्राच्या उंबऱ्यावर सावली कुठं असली की टँकर सुटतो, ते तिला माझ्या जन्माआधीपासून माहीत आहे.

आठ दिवस झाले. एकही कॅन राहिला नाही. तात्या म्हणाले, "कॉम्प्युटर राहू दे. घड्याळ एकदम बरोबर हाय तुझं."

"सेकंदाचा फरक नाही, तात्या," स्नेहल म्हणाली.

दोघं जमिनीकडं बघत होते.

काल तात्यांनी त्यांचं जुनं घड्याळ घरून आणून माझ्या शेजारी टांगलं, शोभेला. ते माझ्यापेक्षा दहा मिनिटं मागं दिसलं. तात्या म्हणाले, सेल उतरला असेल. नवीन सेल घातला आणि ते माझ्यावरनं लावून घेतलं. आता आम्ही दोघं वीस मिनिटं पुढं आहोत, आणि एकमेकांना साक्षीदार आहोत.

एवढंच मागणं आहे. कधी या बाजूला आलात, दूध घातलंत, चहा प्यायलात, तर माझ्याकडं खुशाल बघा. मोबाईल मात्र खिशातच ठेवा. आत्ता सात चाळीस झालेत. राहीबाईचा कॅन चढलाय, आणि वाल्मिकचा अजून अर्धा कप बाकी आहे.