अजून हलतेय

मी एक जुना रंधा आहे, फळ्या तासून सपाट करणारा. अंग लाकडाचं, पातं लोखंडाचं. माझी मूठ घामाने काळी पडली आहे आणि तळ असा गुळगुळीत, की माशी बसली तर घसरेल. मित्रांनो, मला बाबांनी तरुणपणी स्वतः घडवलं. बाबा लाकडावर कोरीवकाम करतात. शाबासकी नेहमी त्यांच्या छिन्नीला मिळाली. कोरलेलं पान बघून लोक 'वा' म्हणतात; पानाखालची सपाट फळी कोण बघतं?

बाबांची एक रीत होती. वाकडी फळी टेबलावर ठेवायची, अधांतरी कोपऱ्यांखाली पातळ पाचर सारायची, फळी जशी आहे तशी बसू द्यायची आणि मगच मला चालवायचं.

"फळीला दाबू नये," ते लेकीला सांगत. "दाबलं की हो हो म्हणते, आणि पाठ फिरली की आपलंच खरं करते. तुझ्या आईसारखी."

"ऐकू येतंय हं मला!" आई आतून म्हणे.

पुढे आई गेली. बाबा मोठ्या दुखण्यातून उठले आणि त्यांनी एकच ध्यास घेतला, तिच्या आवडीचा तळ्याकाठचा बगळा कोरायचा. तेवढी रुंद फळी मिळेना, म्हणून तीन फळ्या जोडायच्या ठरल्या. मला रेटण्याइतकं बळ बाबांच्या हातात उरलं नव्हतं. काम लेकीकडे आलं.

"झाल्या का गं फळ्या?" बाबा उठता बसता विचारत.

"फळ्या आहेत बाबा, चहा नाही लगेच उकळायला!"

मधली फळी पिळलेली होती. त्यांना वाट बघायला लावणं लेकीच्या जिवावर आलं. तिने फळी क्लॅम्पने टेबलाला आवळली आणि मला फिरवलं. क्लॅम्प सुटताच कोपरा केसभर वर आला. तिने तो पाहिला. मग सरस लावून तिन्ही फळ्या घट्ट आवळून टाकल्या.

बगळा जवळजवळ पुरा झाला होता. चोच कोरताना 'कट्' झालं. मधली फळी उभी चिरली, नेमकी मानेतून.

"हात जोरात बसला माझा," बाबा म्हणाले. "आता हात गेला." त्यांनी छिन्न्या फडक्यात बांधल्या आणि शेजारच्या सुताराला निरोप धाडला, सगळं घेऊन जा म्हणून.

लेक उठली. स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुवत राहिली. मी फळीवर चाललो होतो ना! फडताळात मलाही तोंड लपवायला जागा सापडेना.

सुतार आला, गाठोड्याला हात घातला. तशी लेक चिरलेला तुकडा घेऊन आली. टेबलावर ठेवून तिने एक कोपरा दाबला, तसा तुकडा डुलला. टक. दुसरा दाबला. टक.

"बाबा, तुमचा हात नव्हे. हे."

बाबांनी डोळे मिटून तो आवाज ऐकला.

"आवळून धरली होतीस?"

"हो."

"आणि मी आपला माझ्या हाताला शिव्या घालतोय!"

लेकीची मान वर होईना. बाबा सुताराकडे वळले. "चहा घेऊन जा रे. सामान नाही मिळायचं. आणि तू गं, रडून झालं की पाचरी शोध."

मित्रांनो, माझ्या पात्याला धार ठेवा, तळाला तेल लावा. पण त्याहून मोठी विनवणी एकच. फळी हलत असेल तर तिला गप्प करू नका.

चिरलेला बगळा भिंतीला टेकून उभा आहे. त्याच्यासमोरून जाताना लेक अजून पदराशी चाळा करते. टेबलावर नवी फळी आहे. लेक कोपरा दाबते, टक वाजतं, आणि आतल्या खोलीकडे बघून ती मोठ्याने सांगते, "बाबा, अजून हलतेय!"